बॉल पायथनची कात अडकली तर काय करायचं

एप्रिल-मे मध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी होते की बॉल पायथनची, म्हणजे पाळल्या जाणाऱ्या छोट्या आफ्रिकन अजगराची, कात मोज्यासारखी सलग न निघता तुकड्यातुकड्यात चिकटून राहते. (धामण, अजगर असले आपल्याकडचे साप पाळूच नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.) डोळे दुधाळ निळसर दिसले की समजायचं काही दिवसांत कात टाकणार, तेव्हापासून उगाच हाताळू नका आणि टाकीतली आर्द्रता ६५-७० टक्के ठेवा, आत ओल्या मॉसचा (शेवाळासारखी मऊ वनस्पती) डबा ठेवा, फॅनखाली टाकी अजिबात नको.

तरी अडकलीच तर भोकं पाडलेल्या झाकणाच्या डब्यात कोमट पाणी घ्या, साधारण ३० डिग्री, सापाच्या अर्ध्या जाडीइतकंच, त्यात त्याला २० मिनिटं ठेवा आणि तुम्ही तिथेच बसा. मग ओल्या नॅपकिनमधून त्याला स्वतःच सरकू द्या, कात कापडात मागे राहते. शेपटीचं टोक नक्की बघा, माझ्या सापाला तिथे बांगडीसारखं बारीक कडं राहिलं होतं, तसंच राहिलं तर रक्त थांबून टोक काळं पडतं. डोळ्यावर राहिलेली कातीची चकती मात्र नखाने, चिमट्याने कशानेच ओढू नका, डोळा जातो, सरळ सापांची माहिती असलेल्या व्हेटकडे न्या.