सांदणला जाताय? ठाणेकरांनो, या चुका टाळा

शुक्रवारी रात्री ठाण्याहून शेवटची कसारा लोकल, पुढे जीपने घोटी-शेंडीमार्गे सांदणच्या माथ्यावरचं साम्रद गाव आणि सकाळी चहा-पोहे खाऊन थेट सांदणच्या घळीत. थंडी पडली की हा बेत कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर ठरतोच. इथवर फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते, आपण नक्की कुठवर जाणार हे न ठरवल्यामुळे. पहिल्या कड्यापर्यंत जाऊन साम्रदला माघारी येणं वेगळं आणि दोरावरून टप्पे उतरत खाली शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला पोचणं वेगळं. पहिल्याची तयारी करून दुसऱ्याला हात घालू नका. शेवटच्या माणसाने उतरून दोर ओढून घेतला की माघारीची वाट बंद. मग कुणाचा पाय मुरगळो नाहीतर अंधार पडो, खालीच उतरायचं. म्हणून निर्णय कड्याच्या वर घ्या. दुपार कलली असेल, दोर लावणारा जाणकार नसेल, एखाद्याच्या पायात गोळे आले असतील, तर तिथूनच फिरा. “चला रे, होऊन जाईल” म्हणणारा एक जण असतोच. त्याला बोलू द्या.

पावसाळ्यात घळीत शिरायचंच नाही. अवकाळीचं सावट असेल तरीही नाही. वरच्या पठारावर सर आली की पाणी याच चिंचोळ्या फटीत येतं आणि दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती. पाणी गढूळलं, पालापाचोळा वाहत आला, तर सॅक गोळा करत बसू नका; हाताशी असेल ती उंच जागा गाठा आणि ओहोटेपर्यंत हलू नका.

पावसाळा सरल्यावरही डोहात पाणी कमरेला लागू शकतं. तळाशी ऊन जेमतेम येतं, त्यामुळे भिजलेली जीन्स दिवसभर अंगावर ओली राहते; ती घालू नका. हेल्मेट मात्र विसरू नका, वरून दगड सुटतात.

प्रतिध्वनी ऐकायला आरडाओरडा नको, डिओ नको, शेकोटीही नको. सह्याद्रीच्या अशा कड्यांवर आग्या मोहोळं असतात, वासाने-धुराने माश्या उठतात, आणि हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. स्पीकर घरीच ठेवा.

स्वतःची गाडी साम्रदला लावून डेहण्याला उतरणारेही भेटतात. त्यांना करोली घाट चढून पुन्हा वर यावं लागतं. लोकलने येणं त्यापेक्षा बरं: डेहण्याहून आसनगाव स्टेशनसाठी जीप आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण घळीत रेंजचा भरवसा नाही.