पुढचा टायर जिवाचा, मागचा हिशोबाचा

आमचे पंक्चरवाले मामा मागच्या चाकावरून हात फिरवत म्हणाले, "भाऊ, हाई टायर नही, टक्कल शे." त्या टायरने तेव्हा जेमतेम १३ हजार किलोमीटर काढले होते. दुकानदाराने मात्र २० हजार डोळे झाकून निघतील म्हणून गळ्यात मारला होता. त्या दिवसापासून मी टायरची वही ठेवतो. खाली लिहिलंय ते सगळं त्या वहीतलं आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. जनावर माजावर आलं की फोन येतो, आणि तो वेळ टळला की पुढचे २१ दिवस वाट बघावी लागते. त्यामुळे ऊन असो की पाऊस, मागच्या सीटवर रेताच्या नळ्या, म्हणजे स्ट्रॉ, गोठवून ठेवायचं द्रव नायट्रोजनचं भांडं बांधायचं आणि निघायचं. अडावद, धानोरा, लासूर, हातेड, कधी वर वैजापूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला. होंडा शाइन १२५, कामाच्या दिवशी सरासरी ७५ किलोमीटर. टायर ही माझी हौस नव्हे, तो किराण्यासारखा खर्च आहे. म्हणून त्याचा हिशोबही किराण्यासारखाच करतो.

पहिल्यांदा एक प्रश्न डोक्यातून काढून टाका: "कुठल्या कंपनीचा टायर चांगला?" एकाच कंपनीकडे कडक रबराचा, जास्त चालणारा टायर असतो आणि मऊ रबराचा, जास्त पकडणाराही असतो. एमआरएफचा नायलोग्रिप प्लस वेगळा आणि नायलोग्रिप झॅपर वेगळा. दोघांवर नाव तेच म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही. तुलना करायची ती मॉडेलची, तीही त्याच मापात आणि त्याच चाकावर. मित्राच्या पल्सरच्या मागच्या टायरने किती काढले, याचा तुमच्या स्प्लेंडरला काही उपयोग नाही.

दुकानात टायर हातात आला की नक्षी बघण्याआधी बाजूचे आकडे वाचा. माझ्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे ८०/१००-१८ हेच माप आहे. ८० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, १०० म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, १८ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. पण खरी गोम त्याच्या पुढे आहे. पुढच्यावर ४७पी लिहिलेलं असतं, मागच्यावर ५४पी. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग, तो दोघांना सारखाच. ४७ म्हणजे १७५ किलो भार आणि ५४ म्हणजे २१२ किलो. माप एकच असल्यामुळे घाईच्या दुकानात पुढचा टायर मागे बसवून मोकळे होतात आणि आपण डबलसीट, वर खताची गोणी घेऊन त्याच्यावर फिरत राहतो. मागच्या चाकाला टायर घेताना आधी हा आकडा वाचायचा, मग किंमत विचारायची.

दुसरा आकडा तारखेचा. बाजूला लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. मी एकदा २०२३ च्या दिवाळीत "स्वस्तात देतो" म्हणून मिळालेला टायर घेतला आणि चौकट बघितलीच नाही. पुढच्या मे महिन्यात नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा दिसल्या, तेव्हा खाली वाकून वाचलं: ०९१९. म्हणजे २०१९ चा नववा आठवडा. साडेचार वर्षं जुना माल, तोही पत्र्याच्या शेडमध्ये टांगून ठेवलेला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्या शेडमध्ये काय होत असेल बघा. उन्हाने आणि उष्णतेने रबर न चालताही कडक होतं. मी आता एक वर्षाच्या आतलाच टायर घेतो. दुकानदार कुरकुर करतो, मग मी उठायला लागतो, मग आतून नवा निघतो.

आता झीज कशी मोजायची. टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर लहान आडवे उंचवटे असतात. बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा बाण दिसला की त्याच्या सरळ रेषेत बघा, सापडेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. म्हणून मी खाचेची पूर्ण खोली हिशोबात धरतच नाही. उंचवट्याच्या माथ्यापासून वर जेवढी नक्षी आहे, तेवढाच माल आपण विकत घेतलेला असतो. खोली मोजायची पट्टी मिळते, नाहीतर व्हर्नियर कॅलिपरची मागची काडी चालते. मोजायचं मधोमध, चाकावर तीन ठिकाणी, आणि सरासरी काढायची. पहिले हजार किलोमीटर सोडून द्यायचे, नवा टायर सुरुवातीला वेगळाच झिजतो. मग १,००० ला एक माप आणि ५,००० ला एक माप.

माझ्या वहीतले तीन मागचे टायर सांगतो. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण माझं ओझं, माझे रस्ते आणि माझा उजवा पाय तुमच्याकडे नाही.

पहिला स्वस्तातला. बसवण्यासकट १,५५० रुपये. हजारला उंचवट्याच्या वर ४.४ मिलिमीटर, पाच हजारला ३ मिलिमीटर. म्हणजे ४ हजारात १.४ गेले. त्या चालीने एकूण साधारण साडेतेरा हजार निघणार होते, आणि मामांनी टक्कल म्हटलं तो हाच. हजार किलोमीटरला ११५ रुपये पडले.

दुसरा कडक रबराचा, बारीक नक्षीचा. २,०५० रुपये. हजारला ५.२, पाच हजारला ४.२. अंदाज २१,८०० चा आला, म्हणजे हजारला ९४ रुपये. दुकानात ५०० ने महाग असलेला टायर रस्त्यावर २१ रुपयांनी स्वस्त निघाला.

तिसरा मऊ रबराचा, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचा. आपल्याकडे त्याला बटण टायर म्हणतात. २,२५०. हजारला ५.६ होते, पाच हजारला ४ उरले. एकूण १५ हजार, हजारला १५० रुपये. बटण मोठं दिसलं की टायर जास्त चालेल असं वाटतं, मलाही वाटलं होतं. डांबरावर उंच बटणं लवलवतात, घासतात आणि काठाला तिरपी झिजतात. वर त्याचा घूं-घूं आवाज येतो तो वेगळाच. गोठ्यापाशी पोहोचायच्या आधी म्हशीला कळतं कोण आलंय.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग कडकच घ्या की. इथेच मी फसलो होतो. वहीतला हिशोब बरोबर होता, मी तो भलत्या चाकाला लावला.

पुढचा टायर मागच्यापेक्षा सावकाश झिजतो, कारण इंजिनचा जोर आणि बहुतेक ओझं मागे असतं. मला वाटलं, पुढेही कडक टाकला तर ४० हजारपर्यंत बघायला नको. टाकला. उन्हाळाभर खूश होतो. मृगाचा पहिला पाऊस पडला, हातेडच्या अलीकडे रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती आणून टाकलेली, वर पाण्याचा नुसता शिडकावा. बांधावरून एक बकरी आडवी आली. वेग ३५ च्या वर नव्हता. पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल हातातून काढून घेतल्यासारखं पुढचं चाक डावीकडे निघून गेलं. मागचं चाक घसरलं तर माणूस पाय टेकवून, हँडल देऊन सावरू शकतो. पुढचं गेलं की सावरायला वेळच नसतो. गुडघा सोलला त्याचं काही नाही. पण भांड्याची मान तडकली, पांढरा धूर करत नायट्रोजन रस्त्यावर सांडला आणि आतल्या सगळ्या स्ट्रॉ वाया गेल्या. त्या भांड्याच्या पैशात पुढचे पाच-सहा टायर सहज आले असते. बकरी शाबूत होती, उभी राहून बघत होती.

त्यानंतर पुढच्या टायरचा हिशोब मी नव्याने मांडला. मऊ, चांगल्या पकडीचा टायर ५०० रुपयांनी महाग. माझ्याकडे तो ३२ हजार चालतो. म्हणजे हजार किलोमीटरला १६ रुपये जादा, दिवसाला सव्वा रुपया. चहाचा अर्धा कटही येत नाही एवढ्यात. म्हणून पुढे दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या पकडीचा टायर बसवायचा, तिथे घासाघीस करायची नाही. काटकसर करायची ती मागच्या चाकावर.

पकड आणि चाल पारखायला रेस ट्रॅक लागत नाही, रोजचा रस्ता पुरतो. फक्त नवा टायर बसवल्यावर पहिले दीड-दोनशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवा. साच्यातून निघालेल्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो घासला गेल्यावरच खरी पकड कळते. मग सकाळी, टायर थंड असताना, हवा गाडीवरच्या स्टिकरवर लिहिल्याइतकी भरून निघा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर मोकळा सरळ पट्टा मिळाला की मागेपुढे कोणी नाही हे बघून ४० च्या वेगाने दोन्ही ब्रेक लावून थांबा. जुन्या टायरवर जिथे थांबत होता ती खूण लक्षात ठेवलेली असली की फरक लगेच दिसतो. सिमेंटच्या रस्त्यावर लांब उभ्या खाचा असतात, तिथे हँडल सैल धरून बघा. मधोमध सलग उभी खाच असलेला पुढचा टायर त्यांच्या मागे मागे पळतो, गाडी सापासारखी चालते. घाबरायचं कारण नाही, पण रोज असा रस्ता असेल तर ती नक्षी घेऊ नका. वळणावर गाडी हळूहळू, एकसारखी झुकायला हवी. एका ठिकाणी येऊन धपकन पडल्यासारखी झुकली तर टायर मध्ये चपटा झालाय. सरळ हायवेवर फार चालणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं, आणि खोली शिल्लक असूनही असा टायर मी काढून टाकतो.

आमच्याकडची आणखी एक परीक्षा आहे, ती कुठल्या माहितीपत्रकात नसते. दिवाळीच्या आसपास निम्म्या रस्त्यावर मका वाळत घातलेला असतो. त्या दाण्यांवर कुठलाही टायर म्हणजे गोट्यांवर चालणं आहे. तसाच काळ्या रानातला पावसाळी चिखल. बटण टायर घेतला की चिखलात गाडी पळेल म्हणून कोणी पैसे घालत असेल तर घालू नये. ती माती बटणांच्या फटी भरून टाकते, मडगार्डखाली दाटते आणि चाक फिरायचंच थांबतं. बटण टायरचा उपयोग खडीच्या, मुरमाच्या वाटेवर आहे. वैजापूरच्या बाजूला रोज जाणाऱ्याने जरूर घ्यावा. काळ्या चिखलासाठी मी डिकीत एक लाकडी फळी ठेवतो, खरवडायला. गाडी बांधावर लावून चालत जाणं त्याहून बरं.

बाभळीच्या काट्यांचा खर्चही टायरच्या खात्यात लिहा. पहिल्या स्वस्त टायरचे शेवटच्या ३ हजारात ४ पंक्चर झाले, कारण रबरच उरलं नव्हतं. ते पैसे धरले तर ११५ चे आणखी वर जातात. ट्यूबलेसमध्ये काटा रुतला तर वाटेत उपटू नका, तसाच मामांपर्यंत न्या.

हवेबद्दल थोडंच सांगतो. हवा जास्त असेल तर टायर मध्ये झिजतो, कमी असेल तर दोन्ही काठांना. एकाच बाजूला झिजत असेल तर चेन ताणताना दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत असं समजा. मे महिन्यात भर दुपारी, गाडी पळवून आणल्यावर हवा मोजाल तर काटा जास्तच दाखवणार, तेव्हा हवा काढत बसू नका. आणि रुंद टायरचा नाद तर नकोच. शाइनच्या रिमवर बळजबरी बसवलेला जाड टायर चेन कव्हरला घासतो, मायलेज खातो आणि वळणावर गाडी जड करतो. पाव्हण्याच्या पोराने लग्नाआधी टाकला होता. लग्नानंतर काढला.

राहता राहिला टायर कधी बदलायचा हा प्रश्न. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (शेतावरचा वर्षभराचा गडी) ठरतो, तसा माझा मागचा टायरही आखाजीलाच ठरतो. कडक टायर वर्षभराच्या फिरतीला बरोबर पुरतो. नवा टायर पावसाच्या महिनाभर आधी बसला की त्याचा गुळगुळीत थर उन्हातच निघून जातो आणि मृग लागतो तेव्हा नक्षी सगळ्यांत खोल असते. पावसाच्या ४ महिन्यांत ती खोल असते म्हणूनच मागे कडक रबर मला परवडतं. तोच टायर दिवाळीत बसवला असता तर ऐन पावसात तो टक्कल झाला असता आणि मला ९४ रुपयांचा हिशोब सोडून १५० वाला घ्यावा लागला असता.

यंदाच्या आखाजीलाही मामांनी जुना टायर उतरवला. उंचवट्याच्या वर जेमतेम अर्धा मिलिमीटर होता. नव्याचा बाण मी स्वतः बघितला, चाक फिरतं त्या दिशेलाच आहे ना म्हणून. मामांनी हवा भरायचा वॉलही (व्हॉल्व्ह) नवा टाकला, ३० रुपये जादा लागले. ते वहीत लिहिले.