आधी मोजणी, मग दर, मग मशीन: सार्वजनिक पार्किंगची शुल्कव्यवस्था उभारताना

पार्किंगला नवी यंत्रणा बसवायची ठरली की टेंडर निघतं मशीनचं, आणि दर शेवटच्या बैठकीत अंदाजाने ठरतो. क्रम उलटा हवा. दर चुकला असेल तर कितीही महागडं मशीन आणा, रस्त्यावर जागा मिळत नाही ती नाहीच.

मोजणी

एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत एक तुकडा धरा. गेट, बसथांबा, वळणाजवळची जागा वगळून त्यात गाड्या लावण्याजोग्या जागा किती, ते लिहा. मग कामाचे दोन दिवस आणि सुट्टीचा एक दिवस, दर तासाला एक फेरी मारा आणि उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटची शेवटची चार अक्षरं-आकडे टिपून घ्या. नुसत्या गाड्या मोजल्या तर जागा भरलेली दिसते. पण तीच गाडी सकाळपासून उभी आहे की तासातासाला नवी येते, हे नंबरावरूनच कळतं, आणि दर कसा लावायचा ते त्यावर ठरतं.

20 जागांचा तुकडा 10 तास मोजला, म्हणजे 200 जागा-तास झाले. सगळ्या फेऱ्यांत मिळून 150 गाड्या सापडल्या तर भरणा, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, 75 टक्के. आकडा छान वाटतो. पण यातल्या सकाळच्या 4 तासांत 40 आणि नंतरच्या 6 तासांत 110 गाड्या असतील, तर सकाळी भरणा 50 टक्के आणि संध्याकाळी 92 टक्के आहे. सरासरी पाहून एकच दर लावलात तर सकाळी जागा ओस पडतात आणि संध्याकाळी लोक घिरट्या घालत राहतात. म्हणून दिवसाचे दोन-तीन भाग पाडा आणि प्रत्येकाचा दर वेगळा ठेवा. तीनपेक्षा जास्त नकोत, लोकांच्या लक्षात राहत नाहीत.

दर

लक्ष्य असं ठेवा की प्रत्येक तुकड्यात कोणत्याही वेळी सात-आठ जागांमागे एक मोकळी सापडावी, म्हणजे भरणा 85 टक्क्यांच्या आसपास. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 मध्ये सुरू केलेल्या एसएफपार्क प्रयोगात नियम अगदी सरळ होता: भरणा 80 टक्क्यांच्या वर गेला तर तासाचा दर 25 सेंटने वाढवायचा, 60 ते 80 मध्ये असेल तर तसाच ठेवायचा, 30 ते 60 मध्ये 25 सेंटने कमी करायचा आणि 30 च्या खाली गेला तर 50 सेंटने. दर उतरवण्याची तरतूद नियमातच होती, आणि त्या काळात मीटरचा सरासरी दर किंचित खालीच आला. आपल्या नियमातही ही तरतूद लेखी घ्या. दर फक्त चढत असेल तर लोक त्याला कर समजतात, आणि त्यांचं चुकत नाही.

बदल छोटे ठेवा, दोन बदलांमध्ये निदान सहा आठवडे जाऊ द्या आणि नवा दर आठवडाभर आधी पाटीवर लावा. लोकांची सवय बदलायला वेळ लागतो. त्याआधी पुन्हा दर हलवला तर परिणाम कशाचा ते कळणार नाही.

वाढ करण्यापूर्वी एक पडताळणी चुकवू नका: उभ्या गाड्यांपैकी पैसे भरलेल्या किती? भरणा 90 टक्के आणि पैसे भरणारे निम्मेच असतील, तर अडचण दरात नाही, तपासणीत आहे. अशा वेळी दर वाढवला की प्रामाणिक माणूस तेवढा निघून जातो आणि फुकट उभे राहणारे तिथेच राहतात. याच कारणाने नुसत्या व्यवहारांच्या नोंदींवरून भरणा काढू नये.

दिवसभर गाडी ठेवणारे हलवायचे असतील तर वेळमर्यादेपेक्षा चढता दर बरा: पहिला तास स्वस्त, तिसऱ्यापासून महाग. मर्यादा ठेवली की तिकीट नव्याने घेऊन गाडी तिथेच राहते.

पैसे घेण्याची यंत्रणा

रस्त्यावर गाडीचा नंबर टाकून पैसे भरायची पद्धत सोयीची. काचेमागे पावती ठेवावी लागत नाही आणि ॲप, मशीन, फोन या सगळ्यांची नोंद एकाच यादीत येते. तिचा कच्चा दुवा म्हणजे चुकीचा टाइप केलेला नंबर. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांची गल्लत रोजची आहे. म्हणून पैसे कापण्याआधी नंबर मोठ्या अक्षरात दाखवून खात्री करून घ्या. तपासनिसाच्या यंत्रात एका अक्षराचा फरक असलेली नोंदही दिसली पाहिजे, आणि ती दिसली तर दंड करू नये. ॲपवरची नोंद त्याच्यापर्यंत पोचायला काही मिनिटं लागू शकतात, त्यामुळे गाडी दिसताक्षणी नव्हे, पाच मिनिटांनी पुन्हा पाहून दंडाची पावती फाडावी.

फाटक नसलेल्या वाहनतळात नंबर वाचणारा कॅमेरा प्लेटशी 30 अंशांपेक्षा तिरका नको. दुचाकींना बऱ्याच ठिकाणी मागेच प्लेट असते, तेव्हा एक कॅमेरा पाठीमागून हवा. न वाचलेल्या प्लेटची छायाचित्रं रोज माणसाने पाहायची, हे काम कुणाचं ते आधीच ठरवा.

छोट्या रकमेवर व्यवहारशुल्क जड जातं, कारण त्याचा काही भाग बहुधा ठरावीक असतो. अर्ध्या तासाच्या पैशातला मोठा वाटा तिथेच जात असेल तर ॲपमध्ये वॉलेट द्या, म्हणजे एकदा भरलेल्या रकमेतून अनेक पार्किंग निघतात. रोखीचा एक तरी मार्ग ठेवा. फोनची बॅटरी संपलेल्या माणसालाही गाडी लावायची असते.

काय बिघडतं

क्यूआर स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवणं सर्वांत सोपं. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 2022 च्या सुरुवातीला पार्किंग मशीनांवर असे बनावट कोड सापडले होते. कोड काचेच्या आत किंवा पडद्यावर दाखवा, शेजारी वेबपत्ता ठळक छापा आणि दर फेरीत कोडवर नख फिरवून पाहायला सांगा: वर चिकटवलेल्या कागदाची कड लगेच लागते.

सॉफ्टवेअरच्या मुदती तपासा. 1 जानेवारी 2020 ला न्यूयॉर्कच्या मीटरांनी कार्ड घेणं बंद केलं, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डव्यवहारांची मुदतच तिथपर्यंत होती. ती दूर करायला माणसांना मीटरामीटरापाशी जावं लागलं. दुरून अपडेट होणारं मशीनच घ्या. मोडेम (मशीनला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) कोणत्या पिढीच्या नेटवर्कचा आहे, तेही विचारा. जुनं नेटवर्क बंद झालं की चांगलं मशीनही मुकं होतं. सौर मशीन झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत बसवलं तर बॅटरी ऐन गर्दीत मान टाकते. आणि मशीन बंद असताना काय करायचं, हे त्याच मशीनवर छापलेलं असलं पाहिजे.

करार

दर ठरवण्याचा हक्क कंत्राटदाराकडे देऊ नका. शिकागोने 2008 मध्ये आपले मीटर 75 वर्षांसाठी सुमारे 1.15 अब्ज डॉलरला भाड्याने दिले. आता रस्त्याच्या कामासाठी मीटर बंद ठेवला तरी शहराला भरपाई द्यावी लागू शकते. कराराची मुदत मशीनच्या आयुष्याइतकीच ठेवा, आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद (वेळ, तुकडा, कालावधी, रक्कम) दर महिन्याला उघडता येण्याजोग्या फाइलमध्ये मिळेल, असं कलम घाला. नंबरप्लेट मात्र दंडाची आणि हरकतीची मुदत संपली की पुसायची, हेही त्याच कलमात लिहा.