पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताय? आधी या चुका टाळा

जुन्या मोटरसायकलला हौसेने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं आणि गाडी आधीपेक्षा जास्त मिसिंग करायला, म्हणजे मध्येमध्ये ठोका चुकवायला लागली की किटला शिव्या घालायच्या, हे नेहमीचंच. किट खराब निघतही असेल, पण बहुतेक वेळा घोळ गाडीच्या जुन्या वायरिंगमध्ये असतो. पॉइंट म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे यांत्रिक कॉन्टॅक्ट, आणि ते फार सोशिक असतात. बॅटरी अर्धमेली असली तरी पॉइंट उघडले की थोडीफार ठिणगी पडतेच. त्यांच्या जागी येणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तेवढं ऐकून घेत नाही. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की ते चुकीच्या वेळी ठिणगी देतं, नाहीतर देतच नाही.

म्हणून पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे काहीही न मोजता किटचं खोकं उघडणं. पॉइंट अजून जागेवर आहेत तोवरच मल्टिमीटर हातात घ्या. इंजिन हळूहळू फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणा, चावी चालू करा आणि कॉइलच्या सप्लाय टर्मिनलवर व्होल्टेज बघा. मग बॅटरीवर बघा. पॉइंट उघडे ठेवून मोजलंत तर करंट वाहतच नाही, त्यामुळे मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि आपण फसतो. बॅटरीवर १२.४ आणि कॉइलवर ११ आले, तर मधले १.४ व्होल्ट चावीचा स्विच, किल स्विच आणि काळे पडलेले कनेक्टर खाऊन टाकतायत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा. जुन्या चावीच्या आतले कॉन्टॅक्ट झिजले असतील तर बॅटरीवरून फ्यूज घालून थेट वायर आणावी, मध्ये रिले (विजेने चालणारा स्विच) बसवावा आणि चावीने फक्त रिले चालू करावा. मोजमाप झाल्यावर चावी लगेच बंद करा; पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापत राहते.

अर्थिंगचंही तसंच. फ्रेम नव्याने पावडर कोट करून आणली असेल तर बोल्टखालचा रंग खरवडल्याशिवाय अर्थ मिळत नाही. इंजिनपासून बॅटरीपर्यंत एक स्वतंत्र जाड वायर टाकून दिली की निम्मी भुतं पळतात.

पोलॅरिटीची चूक मात्र एकदाच करता येते. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलेलं असतं. पॉइंट आणि कॉइलला उलटसुलट जोडणीचं फारसं सोयरसुतक नसतं, मॉड्यूल मात्र क्षणात जळतं. वायरच्या रंगावर विसंबू नका, तो आधीच्या कुणीतरी बदललेला असू शकतो. बॅटरीचं कोणतं टोक फ्रेमला गेलंय ते डोळ्यांनी बघा.

आता कॉइल. पॉइंटवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी (बॅटरीकडच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स साधारण ३ ते ५ ओहम असतो. ४ ओहमच्या कॉइलमधून ३ अँपिअर जातात. तिथे दीड ओहमची कॉइल लावली तर ८ अँपिअर. ज्या मॉड्यूलला एवढा करंट झेपत नाही, ते आधी तापतं आणि मग मरतं. काही ट्विन (दोन सिलिंडरच्या) गाड्यांच्या किटमध्ये ६ व्होल्टच्या दोन कॉइल सीरिजमध्ये जोडायला सांगतात, त्यामागे हाच हिशोब आहे. सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) या प्रकाराची कॉइल तर वेगळ्याच जातीची: प्रायमरी बहुधा एक ओहमच्याही आत. सीडीआय आधी कपॅसिटर चार्ज करतो आणि तो एकदम कॉइलमध्ये रिकामा करतो. ट्रान्झिस्टर इग्निशन कॉइलमधून वाहणारा करंट तोडतं. एकाची कॉइल दुसऱ्याला चालत नाही. सीडीआयमध्येही एसी आणि डीसी असे दोन प्रकार असतात. एसीला मॅग्नेटच्या कॉइलवरून वीज लागते, डीसीला बॅटरीवरून. कपलर जुळला म्हणजे युनिट जुळलं असं नाही.

प्लगची कॅपही बघा. सस्पेन्शन, टायर सगळं नवं घेणारा माणूस जुनीच कॅप ठेवतो, हे काही कळत नाही. रेझिस्टन्स नसलेली कॅप आणि साधी तांब्याची वायर असली की ठिणगीचा विद्युत गोंगाट मॉड्यूलपर्यंत पोहोचतो आणि ते भांबावतं. कॅप किंवा प्लग, दोहोंपैकी एकात ५ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. पिकअपची (इंजिन कुठवर फिरलंय ते ओळखणाऱ्या सेन्सरची) वायर प्लगच्या वायरला बांधून नेऊ नका.

टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नुसतं खुणा जुळवून सोडून देणं ही पुढची चूक. खुणा जुळवणं फक्त गाडी पहिल्यांदा चालू होण्यापुरतं. मग टायमिंग लाइट लावून, आरपीएम वाढवून, ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणं) पूर्ण झाल्यावरची खूण बघायची. किती आरपीएमला ते किटच्या कागदावर असतं. बऱ्याच किटमध्ये ॲडव्हान्स इलेक्ट्रॉनिक असतो, तिथे जुनं वजनांचं ॲडव्हान्स युनिट काढायचं असतं. काहींना ते लागतं. दोन्ही ॲडव्हान्स एकत्र झाले तर इंजिन खडखडतं, आणि तसंच दामटलं तर पिस्टन जातो.

ठिणगी बघताना प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवलेला हवा. वायर नुसती लोंबकळत ठेवून किक मारली तर ठिणगीला जायला जागा मिळत नाही. कॉइलचं इन्सुलेशन किंवा मॉड्यूल फुटतं.

बसवल्यावर त्रास झालाच तर लक्षणं नीट बघा. किक उलटी मारते? आधी बॅटरी, मग टायमिंग. थंड असताना छान, गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर पुन्हा चालू? कॉइल किंवा मॉड्यूल. हेअर ड्रायरने एकेकाला तापवून बघता येतं. हँडल वळवलं की मिसिंग? हेडस्टॉकजवळ (फ्रेममध्ये हँडल फिरतं तिथे) तुटलेली वायर.

आणि इग्निशन बदलतानाच कार्ब्युरेटरचे जेट बदलू नका, नाहीतर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही. काढलेली पॉइंट प्लेट, कंडेन्सर, ॲडव्हान्स युनिट आणि जुनी कॉइल जपून ठेवा. संशय आला की हा सगळा संच परत चढवून गाडी चालवून बघा. मिसिंग तरीही राहिलं तर किटला सोडा, कार्ब्युरेटर उघडा. फक्त नव्या कमी ओहमच्या कॉइलवर जुने पॉइंट लावू नका, ते बघता बघता जळतात.