फळांचा केक आणि घरची जुनी वही: या चुका टाळा

फळ घातलेला केक बिघडला की दोष आधी ओव्हनला मिळतो. नात्यातली आणि ओळखीची मंडळी मला फोटो पाठवतात. कुणाचा केक मध्ये खचलेला असतो, कुणाचा तळाशी ओला राहिलेला, कुणाचा वरून काळा आणि आतून गिच्च. सोबत एक वाक्य हमखास येतं: "आजीच्या वहीत होतं अगदी तसंच केलं." इतकी वर्षं हे ऐकल्यावर मला वाटतं, निम्मा घोळ या वाक्यातच आहे. वही लिहिणाऱ्या बाईला तो केक येत होता. तिने स्वतःला आठवावं म्हणून चार ओळी खरडल्या. जे हाताला पाठ होतं ते लिहायची तिला गरजच नव्हती.

वहीतला 'कप' म्हणजे कुठला कप?

ही चूक मी स्वतः लागोपाठ तीनदा केली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

माझ्या आजीचा सफरचंदाचा केक आमच्या घरात सगळ्यांच्या जिभेवर आहे. वहीत असं होतं: 2 कप मैदा, 1 कप साखर, अर्धा कप लोणी, 3 अंडी, दीड चमचा बेकिंग पावडर, 2 सफरचंदं किसून. मी बाजारात मिळतो तो 240 मिलीचा मापाचा कप घेतला आणि कामाला लागले. मिश्रण इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. ते सैल करायला मी दूध घातलं. वहीत दुधाचा उल्लेखही नव्हता, तिथेच मी थांबायला हवं होतं. पाऊण तासाने वर भेग पडली, रंग छान आला, पण सुरी घातली तर आत कच्चं. आणखी 25 मिनिटं ठेवला, तर कडा बिस्किटासारख्या झाल्या. दुसऱ्या वेळी सफरचंदं बदलली, तिसऱ्या वेळी मैदा. फरक शून्य.

शेवटी आजीलाच स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हटलं, "तू कर, मी बघते." तिने पिठाच्या डब्यात हात घातला आणि कान तुटलेला एक चहाचा कप बाहेर काढला. तोच तिचा कप. वर्षानुवर्षं डब्यातच असायचा, त्यामुळे तो कुणाला दिसलाच नव्हता. मी तो पाण्याने काठोकाठ भरून वजन केलं. पाणी 160 ग्रॅम भरलं, म्हणजे कप 160 मिलीचा.

आता कुणी म्हणेल, सगळं एकाच कपाने मोजलं की प्रमाण बरोबरच राहतं. मैदा, साखर, लोणी यांचं राहतं. पण अंडी कपाने मोजत नाहीत, बेकिंग पावडर चमच्याने घेतात, सफरचंदं नगावर. माझा मैदा दीडपट झाला होता आणि ओलावा देणारी अंडी तीनच राहिली होती. फुगवणारी पावडरही तेवढीच. असा केक जड होणारच.

त्या दिवसापासून माझा नियम एकच आहे. वहीतला पदार्थ पहिल्यांदा करताना मूळ भांडं शोधायचं, ते पाण्याने भरून तोलायचं आणि मग सगळं ग्रॅममध्ये लिहून काढायचं. भांडं हरवलं असेल तर अंड्यांवरून अंदाज येतो. कवच काढलेलं मध्यम अंडं साधारण 50 ग्रॅम भरतं. साध्या लोण्याच्या केकमध्ये मैद्याचं वजन अंड्यांच्या दीडपटीच्या फार पुढे गेलं आणि वहीत दूध-दह्याचं नाव नसेल, तर कप मोठा घेतला गेलाय असं समजा. वजनकाट्याला नाकं मुरडणारे भेटतात, "आमची आजी कुठे काटा वापरायची?" आजीने तो केक शेकडो वेळा केला होता. आपण दुसऱ्यांदा करतोय.

फळातलं पाणी

आजीला बघताना दुसरी गोष्ट कळली. सफरचंद किसल्यावर तिने तो कीस मुठीत घेऊन घट्ट पिळला आणि निघालेला रस बाजूच्या वाटीत ठेवला. वहीत फक्त 'किसून' होतं. विचारलं तर म्हणाली, "पिळायचं हे काय सांगायला हवं?"

हवं. सफरचंदात सुमारे 85 टक्के पाणी असतं, स्ट्रॉबेरीत 90 च्या वर, केळ्यात 75 च्या आसपास. किसलं, चिरलं किंवा साखर लावली की ते पाणी सुटू लागतं आणि ओव्हनमध्ये आजूबाजूच्या मिश्रणात उतरतं. फळाच्या खाली तो ओला, रबरासारखा थर दिसतो ना, तो यामुळे. लोक त्याला कच्चं समजून केक आणखी अर्धा तास भाजतात. मग वरचा भाग कोरडा पडतो आणि खालचा थर तसाच राहतो.

मी काय करते ते सांगते. सफरचंद किसून पिळते किंवा लहान फोडी लोण्यावर पाच मिनिटं परतून पूर्ण गार करते. स्ट्रॉबेरीला थोडी साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवते आणि सुटलेला रस आटवून केकवर ओतते. चव त्या रसात असते, तो फेकू नका. गोठवलेल्या बेरी मात्र वितळू द्यायच्या नाहीत. थेट फ्रीझरमधून काढून चमचाभर मैद्यात घोळवून अगदी शेवटी घालायच्या आणि केक पाच-दहा मिनिटं जास्त ठेवायचा. वितळवून घातल्या तर अख्खं मिश्रण जांभळं होतं. त्यात सोडा जास्त पडला असेल तर ब्लूबेरीभोवती हिरवट-निळी कडा येते. ती बुरशी नव्हे. बेरीतला रंग अल्कलीत तसा बदलतो.

आणि फळं नगावर मोजू नका. सोललेलं केळं 80 ग्रॅमचंही असतं आणि 140 चंही. '3 केळी' या दोन शब्दांत 180 ग्रॅमचा फरक लपतो.

केळ्यांवरून आणखी एक. पिवळी, टणक केळी सालीसकट ओव्हनमध्ये काळी करून 'झटपट पिकवण्याची' युक्ती सगळीकडे फिरते आहे. साल काळी होते, गर मऊ होतो, पण गोडी येत नाही. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते आणि त्याला दिवस लागतात, मिनिटं नाही. केक आजच हवा असेल आणि केळी पिकलेली नसतील, तर दुसरा केक करा. मी सालीवर काळे ठिपके पसरेपर्यंत थांबते आणि जास्त पिकलेली सोलून गोठवते. ती वितळताना जे तपकिरी पाणी सुटतं, तेही गराबरोबर तोलून घेते.

आता बाकीच्या चुका भराभर.

सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी घालू नका. सोडा तिपटी-चौपटीने तीव्र असतो. जास्त झाला की केक साबणासारखा लागतो.

सोडा घातलेलं मिश्रण ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसू नका. आंबट फळाशी किंवा दह्याशी गाठ पडताच वायू सुटायला लागतो. टिन आधी तयार, ओव्हन आधी तापलेला, मग सोडा.

ओव्हनचा दिवा विझला म्हणजे तो तापला असं मी मानत नाही. 20 मिनिटं देते आणि आत छोटा थर्मामीटर ठेवते. बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत 15-20 अंशांचा फरक सहज निघतो. जुन्या वहीतलं 'मध्यम ओव्हन' म्हणजे 180 अंश सेल्सिअसच्या आसपास समजा.

फळं तळाशी बसतात तेव्हा मैद्यात घोळवणं हा अर्धाच उपाय आहे. मिश्रणच पातळ असेल तर काही उपयोग होत नाही. फोडी लहान करा आणि एक तृतीयांश मिश्रण टिनमध्ये फळांशिवाय आधी ओता.

टिन बदलताना नुसत्या इंचांकडे बघू नका. 6 इंची गोल टिनचा तळ 28 चौरस इंच, 8 इंचीचा 50. दोनच इंच वाढले, पण जागा जवळजवळ दुप्पट झाली.

ताजं अननस किंवा किवी क्रीमवर किंवा जिलेटिनवर ठेवाल तर त्यातली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात. जिलेटिन सेट होत नाही आणि क्रीम कडवट लागू लागतं. फळ पाकात उकळून घ्या. डब्यातलं चालतं, कारण ते आधीच तापवलेलं असतं.

साखर निम्मी करणाऱ्यांशी माझं नेहमी वाजतं. साखर ओलावा धरते, केक मऊ ठेवते, रंग आणते. ती निम्मी केली की त्याच कृतीतून वेगळा, कोरडा पदार्थ तयार होतो आणि नाव मात्र आजीचं लागतं. फळ गोड असेल तर मी फार तर पाचवा हिस्सा कमी करते.

टूथपिक फळात घुसली तर ओलीच निघणार. तीन जागी टोचून बघा.

आणि गरम केक कापू नका. या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. ओव्हनबाहेर आल्यावरही आतला स्टार्च घट्ट होत असतो, वाफ बसत असते. 10 मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर पूर्ण गार. फळांचा केक तर मी दुसऱ्या दिवशीच कापते. फोटोच्या घाईत कापलेला चांगला केकही कच्चा दिसतो आणि मग मला फोन येतो.

राहिली वही. तिच्यावर पेनाने दुरुस्त्या करू नका. ज्याने ती लिहिली ते माणूस घरात असेल तर याच आठवड्यात त्यांच्या शेजारी काटा घेऊन उभे राहा. त्यांनी घातलेली प्रत्येक मूठ भांड्यात पडण्याआधी तोला आणि हात नेमकं काय करतात ते लिहा. आजीच्या त्या पानाला मी एक चिठ्ठी टाचली आहे. तिच्यावर एवढंच आहे: कप 160 मिली. मैदा 190 ग्रॅम, साखर 135, लोणी 75, अंडी 3 लहान. सफरचंद सोलून, किसून, पिळून 200 ग्रॅम. टिन 7 इंची. 170 अंश, 50 मिनिटं. रस वाटीत राखून ठेवणे, केक गरम असतानाच वरून चमच्याने सोडणे.