हर्णैला जाताय? सुवर्णदुर्ग सकाळीच उरका

सुवर्णदुर्ग भर समुद्रात आहे, त्यामुळे हर्णैच्या किनाऱ्यावरून होडीनेच जावं लागतं. दुपारनंतर वारा चढतो आणि होडी चांगलीच हेलकावते, म्हणून सकाळी लवकर निघा. भाडं आणि परतीची वेळ होडीत बसण्याआधीच ठरवा. उतरताना पाय भिजतातच, तेव्हा बूट नकोत, पट्ट्याच्या चपला घाला. गडावर दुकान नाही, पाणी सोबत न्या. महादरवाज्यापाशी घाई करू नका: पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती बरेच जण न बघताच आत शिरतात. आंग्र्यांच्या आरमाराचा हा बळकट गड १७५५ साली इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून त्यांच्याकडून घेतला.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, होडीचा नाद सोडा. हर्णैच्या किनाऱ्यालगतच्या कनकदुर्ग या छोट्या किल्ल्यावरच्या दीपगृहापाशी किंवा आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी उभं राहून गड बघा. वाऱ्यात छत्री उलटते, रेनकोटच बरा.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. बोली ढिगावर लागते, त्यामुळे दोघातिघांपुरती सुरमई हवी असेल तर बाजूला बसलेल्या कोळणींकडूनच घ्या. घासाघीस जपून करा, त्या तुम्हाला पुरून उरतील!