स्पोर्ट्स कारला इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारं पाइप-फिल्टरचं किट) घेताय? आधी हे बघा
नुसत्या आवाजावर जाऊ नका, आवाज काय सगळेच किट करतात. खरा मुद्दा हवा किती गार येते हा, साधारण ३ अंशांनी गार झाली की ती १ टक्का दाट होते आणि दाट हवेने ताकद वाढते, म्हणून बॉनेटखाली उघडा फिल्टर लावून इंजिनाचीच गरम हवा ओढणारं किट म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा बंद एअरबॉक्सवालं (फिल्टर डब्यात बंद असलेलं) घ्या. फिल्टर पार खाली बंपरमागे असेल तर साचलेल्या पाण्यात गाडी घालायची नाही, सिलेंडरमध्ये पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो. मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असेल तर तिथे पाइपचा व्यास ओरिजिनलएवढाच हवा, मोठा असला की हवा कमी मोजली जाते, मिक्स्चर लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), मग बसा ट्यून करत. ऑइलवाला फिल्टर धुतल्यावर तेल जरा हात राखूनच लावा, जास्तीचं सेन्सरच्या आतल्या हवा मोजणाऱ्या तारेवर बसतं.